कानात पाण्याचा आवाज : कॉलरबोनखालून घातलेली सेंट्रल लाइन मानेत चढते तेव्हा

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातलं, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवसाचं. सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली नळी. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. वाचणारे बहुतेक आयसीयू, भूलशास्त्र किंवा सर्जरीच्या वॉर्डात काम करणारे असतील असं धरून लिहितो आहे. सिस्टरांनी तर जरूर वाचावं, कारण निदान त्यांच्याच टप्प्यावर झालं.

रुग्ण आणि लाइनची गरज

बावन्न वर्षांच्या बाई, डिचोली तालुक्यातल्या. उंची १५० सेंटिमीटर, वजन आजाराआधीच जेमतेम ४५ किलो. टायफॉइडने लहान आतड्याला भोक पडलं, पोटात पू झाला. तातडीने पोट उघडून आतड्याचा खराब भाग काढला आणि दोन टोकं जोडली. आठव्या दिवशी ड्रेसिंगवर हिरवट-पिवळं पाणी दिसलं. जोड सुटला होता. दोन दिवस मोजलं तर दिवसाला ८०० मिलीच्या आसपास जात होतं. आतड्यातून कातडीपर्यंत अशी वाट पडली की तिला फिस्टुला म्हणतात, आणि पाणी ५०० च्या वर गेलं की हाय-आउटपुट फिस्टुला, आणि अशा रुग्णाला तोंडाने भरवणं म्हणजे फिस्टुलाला भरवणं. आल्ब्युमिन घसरलेलं, पायांवर सूज, पोटॅशियम रोज भरून काढावं लागत होतं. सर्जननी ठरवलं : आतड्याला विश्रांती, शिरेतून पूर्ण पोषण, निदान तीन-चार आठवडे.

हे शिरेतून द्यायचं पूर्ण पोषण, म्हणजे टीपीएन, हाताच्या शिरेतून देता येत नाही. रक्ताची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचा दाटपणा, २९० च्या घरात, तर पूर्ण ताकदीच्या टीपीएनची १२०० च्या वर, कधी १८०० पर्यंत. बाहेरच्या शिरेला ९०० च्या पलीकडे सोसत नाही. शीर लाल होते, दुखते, दोन दिवसांत बंद पडते. छातीतली सुपिरिअर व्हेना काव्हा हे सोसते, कारण तिथून मिनिटाला सुमारे दोन लिटर रक्त वाहत असतं आणि थेंब पडला की लगेच पातळ होतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जागा कोणती निवडायची यावर थोडी चर्चा झाली. जांघ बाद होती. पोटावरच्या पिशवीखालून पाणी झिरपून जांघेपर्यंत येत होतं. मानेच्या डाव्या बाजूला ऑपरेशनच्या वेळी घातलेली लाइन सहाव्या दिवशी तापाच्या शंकेवरून काढली होती. दोन्ही हातांच्या शिरा सुयांनी संपल्या होत्या, त्यामुळे हातातून आत नेणारी लांब लाइनही जमेना. राहिली उजवी मान आणि उजवी सबक्लेव्हियन, म्हणजे कॉलरबोनखालची शीर. काही आठवडे टिकवायची लाइन असेल तर मला सबक्लेव्हियन आवडते. ड्रेसिंग सपाट बसतं, मान हलवली तरी उचकटत नाही, आणि जंतुसंसर्ग कमी होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ‘थ्री साइट्स’ अभ्यासात दर १००० कॅथेटर-दिवसांमागे रक्तातला संसर्ग आणि लक्षणं देणारी शिरेतली रक्ताची गाठ मिळून प्रमाण सबक्लेव्हियनला १.५, मानेला ३.६ आणि जांघेला ४.६ होतं. किंमत दुसरीकडे मोजावी लागते : फुप्फुसाला सुई लागणं वगैरे घालतानाच्या गुंतागुंती त्याच क्रमाने २.१, १.४ आणि ०.७ टक्के. म्हणजे घालताना जास्त जोखीम, नंतर कमी. तीन आठवड्यांच्या टीपीएनसाठी हा सौदा पटण्यासारखा आहे.

लाइन घालताना

ऑपरेशन थिएटरच्या बाजूच्या खोलीत दुपारी लाइन घातली ती पंधरा-एक वर्षं हेच काम करणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईंनी. रुग्ण बाई जाग्या होत्या, सुई घालायची जागा बधिर केली होती. टोपी, मास्क, गाऊन, डोक्यापासून पायांपर्यंत चादर, सगळं रीतसर. थिएटरची नोंद मी नंतर वाचली. पहिल्याच प्रयत्नात शीर मिळाली, रक्त काळपट, उसळी नाही. जिच्यावरून लाइन आत सरकवतात ती तार अडथळ्याविना गेली. मॉनिटरवर ठोके चुकले नाहीत. ७ फ्रेंच जाडीची तीन तोंडांची लाइन १३ सेंटिमीटरवर शिवली. तिन्ही तोंडांतून रक्त मागे सहज आलं, सलाइन सहज गेलं.

तेरा सेंटिमीटर हा आकडाही बरोबर होता. पेरेस यांच्या १९९० च्या सूत्राप्रमाणे उजव्या सबक्लेव्हियनला उंची भागिले दहा, वजा दोन. १५० सेंटिमीटरच्या बाईला तेरा. नोंदीत बोट ठेवायला जागा नव्हती. लाइन चुकीच्या जागी होती, आणि नोंदीतल्या एकाही ओळीतून ते कळणं शक्य नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण गफलत इथेच होते. काळपट रक्त, उसळी नसणं, मागे सहज येणं, पुढे सहज जाणं हे सगळे पुरावे एकाच प्रश्नाचं उत्तर देतात : आपण शिरेत आहोत का? कोणत्या शिरेत, टोक कुठे, तोंड कुठल्या दिशेला, यावर ते एक अक्षर बोलत नाहीत. जुगुलरमध्ये, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेत, वर चढलेली लाइनही इतकंच छान रक्त देते. ठोका न चुकण्याचंही तसंच. तार हृदयात टोचली तर मॉनिटरवर जादा ठोके दिसतात आणि त्यावरून ती खाली गेली हे कळतं. पण जपून काम करणारा माणूस तार तेवढी आत घालतच नाही, त्यामुळे ठोके दिसले नाहीत याचा अर्थ काहीच निघत नाही. आणि सूत्र सांगतं ते किती आत. कुठे, ते नाही.

संध्याकाळ

दुपारनंतर एक्स-रे व्हायचा होता. पोर्टेबल मशीन होतं, चालवणारा नव्हता. चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात अर्धं रुग्णालय गावाला गेलेलं असतं, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. ज्याच्या घरी गणपती त्याने जायलाच हवं. ऑन-कॉल तंत्रज्ञ पेडण्याकडून निघाला होता आणि म्हापशाच्या बाजारात गर्दीत अडकला होता. आठपर्यंत पोचतो म्हणाला.

इकडे टीपीएनची पिशवी वॉर्डात आली होती. तीन कप्प्यांची, ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि चरबी वेगवेगळी, मधल्या शिवणी दाबून फोडायच्या आणि मिसळायच्या. मिसळली की चोवीस तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. ती साडेपाचला मिसळून झाली होती. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर मला फोनवर विचारत होता, ‘सर, लाइन मस्त चालतेय, तिन्ही पोर्ट ओके. तासाला वीस मिलीने सुरू करून ठेवू का? एक्स-रे आल्यावर वाढवू.’ प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. पिशवी महाग, दहा दिवस उपाशी बाई, आणि वीस मिलीने काय होतंय? मी म्हटलं, फिल्म बघेपर्यंत साधं सलाइनसुद्धा नको, नुसती फ्लश करून (थोडं सलाइन सोडून धुऊन) लॉक करून ठेवा. यात माझी काही दूरदृष्टी नव्हती. तसा नियम आहे, एवढंच.

सातच्या सुमाराला सिस्टर फ्लश करायला गेल्या. रुग्ण मावशी तेव्हा मुलाशी फोनवर बोलत होत्या. तो माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं, सामान घेऊन घरी पोचला होता आणि सुपारीचा घड कुठे बांधायचा, तोरिंगं (मोठी लिंबं) कुठे, यावर त्यांच्या सूचना चालू होत्या. सिस्टरांनी तपकिरी तोंडातून दहा मिली सलाइन जरा जोरात सोडलं. मावशींनी फोन कानापासून दूर केला. मग दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, ‘सिस्टर, म्हज्या कानांत उदक व्हांवता.’ माझ्या कानात पाणी वाहतंय.

बहुतेक वेळा यावर ‘बरें जातलें मावशी’ (बरं होईल) असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. अशक्त बाई, दहा दिवस पोटात अन्न नाही, कानात गुणगुणणारच. या सिस्टरांनी तसं केलं नाही. त्यांनी आणखी पाच मिली भरलं, सोडलं, विचारलं : ‘आतां?’ ‘आयलो.’ (आला.) थांबल्या. ‘आनी आतां?’ ‘ना, आतां ना.’ मग निळ्या तोंडातून सोडलं : आवाज आला. पांढऱ्यातून : अगदी थोडा. त्यांनी ते तसंच, रंगांसकट, चार्टवर लिहिलं आणि मला फोन केला.

या चार ओळींत निदान आहे. तपकिरी तोंड लाइनच्या टोकाला उघडतं, निळं त्याच्या मागे, पांढरं सर्वांत मागे, टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरवर. आवाज टोकाला मोठा आणि मागे लहान, म्हणजे टोक कानाच्या जवळ.

कानातच का? इंटर्नल जुगुलर शीर कवटीच्या तळातून जिथे बाहेर पडते, तिथे ती फुगीर असते, तो जुगुलर बल्ब. मधल्या कानाची जमीन म्हणजे त्याचं छत. मधे हाडाचा पातळसा पापुद्रा, काही माणसांत तोही अपुरा. शिरेत खालून वर जोरात सलाइन सोडलं की तिथलं रक्त घुसळतं आणि माणसाला ते त्याच बाजूच्या कानात ऐकू येतं. लाइन जिथे असायला हवी तिथे, छातीत, असेल तर असं होत नाही. फ्लश करताना तोंडाला चव येते, वास येतो असं सांगणारे रुग्ण पुष्कळ असतात. ते निराळं, त्याचा जागेशी संबंध नाही. कान मात्र मनावर घ्यावा.

खाटेवरच्या तपासण्या

मी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते, एक्स-रेवाला अजून यायचा होता. उजव्या बाजूच्या मानेवर, कॉलरबोनच्या वर तीन बोटं हलकी ठेवली आणि सिस्टरांना तपकिरी तोंडातून दहा मिली झटक्यात सोडायला सांगितलं. बोटांखाली थरथर जाणवली. मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तशी, दोन सेकंद, मग बंद. डाव्या बाजूला काही नाही. रुग्ण सडपातळ असल्याचा हा फायदा. जाड मानेत ही थरथर सापडत नाही आणि न सापडल्याने काही सिद्धही होत नाही.

दुसरी तपासणी जरा सविस्तर सांगतो, कारण तिला काहीच लागत नाही आणि तरी ती विसरली जाते. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००१ साली ती मांडली : सबक्लेव्हियन लाइनवर शिरेचा दाब मोजत राहायचा आणि त्याच बाजूची जुगुलर कॉलरबोनच्या लगेच वर दहाएक सेकंद दाबायची. लाइन खाली छातीत असेल तर आकडा हलत नाही. ती जुगुलरमध्ये असेल, तर दाबलेल्या जागेच्या वर रक्त तुंबतं, टोक त्या तुंबलेल्या भागात असतं, आणि दाब ३ ते ५ मिमी पाऱ्याने चढतो. मॉनिटरवर लाट असेल तर तीही सपाट होते.

आमच्याकडे वॉर्डात दाब मॉनिटरवर दाखवणारा ट्रान्सड्यूसर नव्हता. सलाइनचा साधा सेट आणि स्टँडला चिकटवलेली पट्टी, जुनी पद्धत. शून्य काखेच्या मध्यरेषेला धरलं. पाण्याची पातळी ९ सेंटिमीटरवर येऊन थांबली, श्वासाबरोबर खालीवर होत होती. मान दाबली. पातळी चढत चढत १५ ला गेली आणि तिथेच उभी राहिली. बोटं काढली, पुन्हा ९. तीनदा केलं, तीनदा तेच. सहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण साडेचार मिमी पारा.

गंमत अशी की नुसता ९ हा आकडा बघून कुणालाही शंका आली नसती. सपाट झोपलेल्या माणसाच्या मानेतल्या शिरेत आणि छातीतल्या शिरेत दाब जवळपास सारखाच असतो, आणि श्वासाबरोबर दोन्हीकडे हलतो. ‘सीव्हीपी (शिरेतला दाब) नीट येतेय’ म्हणून लाइन नीट आहे असं समजणाऱ्यांसाठी हे सांगतो आहे.

अल्ट्रासाऊंडचं मशीन प्रसूतिकक्षातून मागवलं. मानेवर आडवा प्रोब ठेवला तर जुगुलरच्या काळ्या गोलात एक चकाकता ठिपका. उभा केला तर दोन समांतर रेघा, वर जबड्याच्या दिशेने जाणाऱ्या. हृदयही बघायचं होतं. पोटावरून बघण्याची सोपी खिडकी ड्रेसिंगने बंद होती, म्हणून डाव्या छातीवरून, हृदयाच्या टोकाकडून बघितलं. लाइन जागेवर असेल तर फ्लश केल्यावर दोन सेकंदांच्या आत उजव्या कर्णिकेत बुडबुडे उसळलेले दिसतात. इथे ते उशिरा आले आणि विरळ आले. त्याच प्रोबने उजवं फुप्फुस पाहून घेतलं, ते हलत होतं, हवा साठलेली नव्हती.

सव्वाआठला एक्स-रे झाला. लाइन कॉलरबोनखालून आत येऊन वळसा घेत वर गेलेली, आणि फिल्मच्या वरच्या कडेला दिसेनाशी झालेली. टोक फिल्ममध्ये नव्हतंच. छातीचा एक्स-रे म्हणून मान कापली गेली होती. घाईत असलेल्या माणसाने अशी फिल्म पाहिली तर ‘फुप्फुस ठीक, लाइन दिसतेय’ म्हणून सोडून देण्याची शक्यता खरोखर आहे. सेंट्रल लाइनची फिल्म मागवताना अर्जावर तसं लिहावं आणि मान खालपासून हनुवटीपर्यंत घ्यायला सांगावं. तंत्रज्ञाने दुसरी फिल्म कुरकुर न करता काढली. टोक जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा खाली होतं.

आता करायचं काय

चार पर्याय होते आणि चारही कुणी ना कुणी बोलून दाखवले.

पहिला, सकाळपर्यंत हळू चालवू. नाही. छातीत मिनिटाला दोन लिटर रक्त आहे म्हणून टीपीएन तिथे चालतं, हे वर आलंच. मेंदूतून मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिली रक्त परततं, तेही दोन्ही बाजूंत वाटून. शिवाय इथे लाइनचं तोंड प्रवाहाच्या उलट, मेंदूकडे वळलेलं. दाट द्रव शिरेच्या भिंतीला डागत राहतो. जुगुलरमध्ये गाठ धरली आणि ती वर सरकली तर पोटाचा फिस्टुला बाजूलाच राहील.

दुसरा पर्याय ऐकायला सोपा : सहा-सात सेंटिमीटर मागे ओढा, टोक सबक्लेव्हियनमध्ये येईल. हा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पांढऱ्या तोंडाचं भोक टोकाच्या पाच-सहा सेंटिमीटर मागे असतं. टोक सबक्लेव्हियनमध्ये आणलं की ते भोक कातडीखाली, शिरेच्या बाहेर येतं. त्यातून कुणी टीपीएन किंवा रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन सोडलं तर छातीचं मांस सडेल. आणि अशी अर्धवट लाइन एकदा शिवून ठेवली की तीन पाळ्यांनंतर ती अर्धवट आहे हे कुणाला आठवत नाही.

तिसरा, काढून डाव्या बाजूला नवी घालू. शक्य होतं. पण कुपोषित बाईला दुसऱ्या फुप्फुसाजवळ पुन्हा सुई, आणि उजव्या बाजूला चांगली मिळालेली शीर सोडून द्यायची. चौथा पर्याय, त्याच वाटेने तार घालून लाइन बदलणं. जागेवर संसर्ग नसेल तर हे मान्य आहे. लाइन घालून सहा तास झाले होते, ड्रेसिंग उघडलेलं नव्हतं. चौथा ठरला. दुपारच्या भूलतज्ज्ञ बाईंना कळवलं. त्या पर्वरीत होत्या, आपणहून आल्या आणि लाइन त्यांनीच बदलली. मी मान आणि प्रोब सांभाळला.

बदलताना

पुन्हा पूर्ण निर्जंतुक तयारी. डोकं खाली, पाय वर. दुपारी मान डावीकडे वळवली होती, जशी आपण सगळे सवयीने वळवतो. या वेळी उजवीकडे, लाइनच्याच बाजूला वळवली. त्याने जुगुलर आणि सबक्लेव्हियन यांच्यातली वाट वर जायला अवघड होते असं मानतात. याचा पुरावा फार भक्कम आहे असं मी म्हणणार नाही, पण काही बिघडतही नाही. भक्कम आहे तो मान दाबण्याचा उपाय : तार पुढे सरकत असताना जुगुलर बोटांनी बंद ठेवायची, म्हणजे वर जायला दारच नाही.

पांढऱ्या आणि निळ्या तोंडाच्या क्लिपा आधी बंद केल्या. लाइन मागे ओढताना पांढऱ्याचं भोक कातडीशी येतं, आणि ते उघडं असेल तर त्या वाटेने शिरेत हवा ओढली जाऊ शकते. नुसती तार घातली असती तर ती लाइनच्या मागे मागे मानेतच गेली असती. म्हणून आधी लाइन हळूहळू बाहेर, मी प्रोबवर मानेतला ठिपका बघत. ठिपका नाहीसा झाला तिथे त्या थांबल्या. कातडीच्या आत साडेपाच सेंटिमीटर उरले होते. मग तपकिरी तोंडातून नवी तार, वाकडं टोक पायांकडे वळलेलं ठेवून. तारेच्या वेष्टणावर बाक कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. बाहेर पडल्यावर ती फिरू न देणं हेच काय ते कौशल्य. मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी मान दाबलेली, उजव्या हाताने प्रोब थोडा वर धरलेला. तार सरकली. मानेत काही दिसलं नाही. मॉनिटरवर दोन जादा ठोके आले. त्यांनी तार लगेच तीन सेंटिमीटर मागे घेतली. दुपारी न दिसलेले ठोके आता दिसले, आणि या वेळी त्यांना अर्थ होता, कारण ते दिसले.

जुनी लाइन तारेवरून काढली, नवी त्याच तारेवरून घातली. या अदलाबदलीत तार हातातून सुटता कामा नये. तार आत राहून गेल्याच्या बहुतेक गोष्टी अशा दमलेल्या रात्रींच्या असतात. सिस्टर तार बाहेर आल्याचं मोठ्याने बोलल्या आणि नोंदवलं. नवी लाइनही तेरावरच शिवली.

मग तीच परीक्षा, त्याच क्रमाने. तपकिरी तोंडातून दहा मिली, झटक्यात. ‘मावशी, कानांत?’ त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या, जणू चुकीचं उत्तर द्यायचं नव्हतं. ‘ना. कांयच ना.’ पाण्याची पातळी ८. मान दाबली, ८. बुडबुडे उजव्या कर्णिकेत लगेच, भरपूर. एक्स-रे पुन्हा : टोक श्वासनलिका दुभागते त्या पातळीवर, म्हणजे कॅरिनाशी. तिथे टोक असलं की ते हृदयाच्या आवरणाच्या वर असतं, त्यामुळे पुढेमागे टोकाने शिरेची भिंत घासली तरी हृदयाभोवती रक्त साठण्याची भीती राहत नाही.

काही मुद्दे

सबक्लेव्हियन लाइन भलतीकडे गेली तर सगळ्यात जास्त वेळा ती त्याच बाजूच्या जुगुलरमध्येच जाते, आणि उजवीकडे जास्त, कारण डाव्या सबक्लेव्हियनची वाट छातीत गोलाईने उतरते तर उजवीला एकदम काटकोनी वळण घ्यावं लागतं. हा प्रश्न तंत्राइतकाच जुना आहे. ओबानियाक या फ्रेंच सर्जनने सबक्लेव्हियनची वाट १९५२ साली सांगितली, सेल्डिंगरने तारेवरून नळी घालण्याची युक्ती १९५३ साली, आणि डड्रिक यांनी १९६८ च्या सुमाराला शिरेतून पूर्ण पोषण देता येतं हे दाखवल्यावर दोन्ही गोष्टी वॉर्डावॉर्डांत पोचल्या. तार आंधळी असते, ती तेव्हाही होती.

वर सांगितलेल्या मान दाबण्याच्या तपासणीची मर्यादा मोठी आहे. ती फक्त त्याच बाजूच्या जुगुलरबद्दल बोलते. लाइन पलीकडच्या सबक्लेव्हियनमध्ये गेली असेल, छातीच्या मागच्या अझायगस शिरेत वळली असेल, छातीच्या आतल्या मॅमरी शिरेत शिरली असेल, तर पातळी हलणार नाही आणि तुम्ही खुशाल राहाल. डाव्या बाजूने घातलेली लाइन हृदयाच्या डाव्या कडेने सरळ खाली जाताना दिसली तर पहिली शंका महाधमनीची घ्यावी, दुसरी जन्मजात राहून गेलेल्या डाव्या व्हेना काव्हाची. हजारात तीन ते पाच माणसांत ती असते. रक्तवायूची तपासणी आणि दाबाची लाट पाहिल्याशिवाय अशी लाइन ना वापरावी ना घाईने उपसावी. धमनीत गेलेली जाड नळी खाटेवर उपसली तर दाबायला जागा नसते; ती तशीच ठेवून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या ठिकाणी रुग्ण पाठवणं बरं.

अल्ट्रासाऊंड आहे मग एक्स-रे कशाला, हा प्रश्न तरुण मंडळी हल्ली विचारतात. रोज बघणाऱ्या हातात अल्ट्रासाऊंड वेगवान आणि चांगला आहे, यात वाद नाही. त्या रात्री निर्णय त्यानेच झाला. पण ज्या वॉर्डात मशीन प्रसूतिकक्षातून उसनं आणावं लागतं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरने फ्लशचे बुडबुडे दोनदाच पाहिलेत, तिथे फिल्म सोडू नये. चवथ असली तरी. तंत्रज्ञ अडीच तास उशिरा आला म्हणून पोषण अडीच तास उशिरा सुरू होतं, याहून जास्त काही बिघडत नाही.

कानाच्या लक्षणाची उलटी बाजूही आहे. रुग्ण जागा हवा, बोलणारा हवा, आणि विचारणारा हवा. व्हेंटिलेटरवर झोपवलेल्या माणसाला आवाज येत असेलही. तो सांगणार कसा? आवाज आला नाही म्हणून लाइन बरोबर असंही नाही. म्हणून हे लक्षण तपासण्यांच्या यादीत घालावं असं मी म्हणत नाही. पण जाग्या रुग्णाच्या पहिल्या फ्लशला ‘कानात, मानेत काही वाटतं का’ एवढं विचारायला काही लागत नाही, आणि ‘हो’ आलं तर पुढचं सगळं थांबवायला तेवढं पुरतं. आमच्या वॉर्डात आता लाइनच्या चार्टवर ‘पोर्ट चालू’च्या शेजारी ‘टोक कुठे, कुणी पाहिलं’ असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय सलाइनच्या फ्लशखेरीज काही द्यायचं नाही. पहिले काही दिवस तो रिकामाच राहायचा. मग फार्मसीने रकाना कोरा असेल तर टीपीएनची पिशवी खाली देणं बंद केलं आणि तो भरू लागला.

पुढे

साडेपाचला मिसळलेली पिशवी वाया गेली नाही. रात्री अकराला ती सुरू झाली, तीही तासाला वीस मिलीनेच. कारण लाइनचं नव्हतं : दहा दिवस उपाशी माणसाला एकदम पूर्ण खाद्य दिलं तर फॉस्फेट, पोटॅशियम कोसळतात. आधी थायमिन हे जीवनसत्त्व, पहिल्या दिवशी किलोमागे दहा कॅलरी, रोज रक्त तपासून वाढवत चौथ्या दिवशी पूर्ण. फिस्टुलाचं पाणी दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आलं आणि पाचव्या आठवड्यात जखम आपोआप बंद झाली. दुसरं ऑपरेशन लागलं नाही. लाइन तोवर टिकली, ताप आला नाही. काढताना मावशींना सपाट झोपवून, डोकं जरा खाली करून, श्वास रोखायला सांगितला, पाच मिनिटं दाब दिला आणि हवाबंद ड्रेसिंग लावलं. मानेचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारा अल्ट्रासाऊंड) आधीच करून घेतला होता; उजवी जुगुलर मोकळी होती.